'द इनव्हिजिबल्स' पहिल्यांदा वाचताना: कुठून शिरायचं, कुठे थांबायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं

'द इनव्हिजिबल्स' कुणीतरी सुचवतं, आपण उत्साहाने पहिला अंक उघडतो आणि सहाव्या-सातव्या अंकाशी पोचेपर्यंत कॉमिक मिटून बाजूला पडलेलं असतं. हे इतक्या जणांचं होतं की दोष वाचकाला देणं जड जातं. ग्रँट मॉरिसन यांची ही मालिका डीसी कॉमिक्सच्या व्हर्टिगो या प्रौढांसाठीच्या शाखेने १९९४ ते २००० या काळात काढली. तीन खंड, एकूण ५९ अंक. मूळ गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. जगावर पडद्याआडून हुकूमत गाजवणारी एक सत्ता आहे आणि तिच्याविरुद्ध लढणारी छुप्या बंडखोरांची पाच जणांची एक टोळी आहे. अडचण सांगण्याच्या पद्धतीत आहे. काळ मागेपुढे होतो, चित्रकार सारखे बदलतात, माणसं नावं आणि भूमिका बदलतात, आणि मध्येच शेली आणि बायरन हे इंग्रजी कवी समुद्रकाठी गप्पा मारत बसलेले दिसतात.

हा लेख पहिल्या वाचनासाठी आहे. कथेचा ढोबळ आकार सांगावाच लागेल, पण कोण नेमकं कोण आहे आणि शेवटी काय होतं ते फोडणार नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एकाच प्रकारच्या आवृत्तीतले सगळे भाग, किंवा निदान पहिला भाग. (कोणती आवृत्ती, ते पुढे.)
- एक वही. मोबाइलमधली नोंदवही चालेल, पण पान उलटून मागे जाता आलं तर बरं.
- तीन खंडांतल्या अंकांची यादी: पहिला खंड १ ते २५, दुसरा १ ते २२, तिसरा १२ ते १. हो, उलटा. चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. 'दोनचा सातवा' आणि 'एकचा सातवा' यांत घोळ होतोच.
- लिव्हरपूलच्या बोलीतल्या शिव्या आणि शब्द समजून घ्यायची थोडी तयारी. डेन मॅकगोवन हा पोरगा पहिल्या पानांपासून तशीच भाषा बोलतो. अर्ध्या शब्दांचा अर्थ संदर्भाने लागतो, उरलेल्या अर्ध्यांचा लागला नाही तरी अडत नाही.
- मनाची तयारी. छळ, लैंगिक हिंसा, घरातली मारहाण, अमली पदार्थ, विकृत देहचित्रं हे सगळं यात आहे आणि सूचक नाही, उघड आहे. ज्यांना हे नको त्यांनी इथेच थांबावं. त्यात कमीपणा काही नाही.

१. आवृत्ती निवडताना ती कुठे संपते ते पाहा

सुटे अंक जमवणं हा वेगळा छंद आहे. वाचायचंच असेल तर तीन पर्याय आहेत.

जुन्या पेपरबॅक आवृत्तीत सात भाग आहेत: 'से यू वॉन्ट अ रेव्होल्यूशन', 'अपोकॅलिप्स्टिक', 'एन्ट्रॉपी इन द यूके', 'ब्लडी हेल इन अमेरिका', 'काउंटिंग टू नन', 'किसिंग मिस्टर क्विम्पर' आणि 'द इनव्हिजिबल किंगडम'. पहिले तीन म्हणजे पहिला खंड, मधले तीन दुसरा, शेवटचा एक तिसरा. हे भाग वेगवेगळ्या वेळी निघाले, आणि पाठीवरचा क्रम न बघता हाताला लागेल तो भाग उचलणारे बरेच असतात. 'ब्लडी हेल इन अमेरिका' त्यात पहिला नंबर पटकावतो, कारण तो सगळ्यात बारीक आहे आणि चाळताना सगळ्यात देखणा दिसतो. तिथून सुरुवात करू नका.

दुसरा पर्याय चार भागांचा, डिलक्स आवृत्तीच्या विभागणीचा. तिसरा म्हणजे २०१२ साली आलेला ऑम्निबस, सगळे ५९ अंक एकाच जाडजूड ठोकळ्यात. तो कपाटात शोभतो. हातात धरून वाचायचा झाला तर मनगटं बोलू लागतात, आणि पुस्तकाच्या मध्यभागी दोन पानांवर पसरलेली चित्रं शिवणीत गडप होतात.

माझं मत चार भागांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण कागदाची प्रत नाही. जुन्या आवृत्तीतला पहिला भाग आठव्या अंकाला संपतो, म्हणजे मालिकेतल्या सगळ्यात अवघड कथानकाच्या शेवटी. तिथे पुस्तक मिटलं की 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटणं अगदी साहजिक आहे. चार भागांच्या आवृत्तीतला पहिला भाग बाराव्या अंकापर्यंत जातो. पुढे वाचायचं की नाही हे ठरवायची खरी जागा बारावा अंक आहे. सात भागांचीच आवृत्ती मिळाली, तर पहिले दोन भाग एकदमच घ्या.

२. पहिले चार अंक एका दमात वाचा

पहिला अंक नेहमीपेक्षा मोठा आहे. लिव्हरपूलचा डेन शाळेच्या ग्रंथालयावर पेट्रोल बॉम्ब फेकतो आणि 'हार्मनी हाउस' नावाच्या सुधारगृहात पोचतो. तिथे मुलांना 'सुधारण्या'च्या नावाखाली काय करतात ते कळतं, मग किंग मॉब नावाचा टकला, काळ्या कपड्यांतला बंडखोर बंदुका घेऊन येतो आणि त्याला सोडवतो. मध्ये जॉन लेननच्या आत्म्याला आवाहन करण्याचा एक विधीही होऊन जातो. वाचून झाल्यावर वाटतं, बरं, कळलं, हे जादूटोणा मिसळलेलं हाणामारीचं कॉमिक आहे.

पुढचे तीन अंक हा समज मोडायला सुरुवात करतात. डेन लंडनमध्ये बेघर होतो आणि टॉम ओ'बेडलम नावाच्या म्हाताऱ्या भणंगाच्या मागे फिरू लागतो. या तीन अंकांत बंदुका जवळपास नाहीतच. शिकवणी आहे, आणि ती कॅनरी वॉर्फच्या मनोऱ्याच्या माथ्यावर जाऊन पोचते. चारही अंकांची चित्रं स्टीव्ह यॉवेल यांची आहेत, त्यामुळे डोळ्याला सलगपणा मिळतो. असा सलगपणा पुढे फार काळ टिकत नाही, तेवढा इथेच उपभोगून घ्या.

इथे वहीत पाच नावं लिहा. किंग मॉब. रॅग्ड रॉबिन, बाहुलीसारखा रंगवलेला चेहरा, मनकवडी. लॉर्ड फॅनी, ब्राझीलची ट्रान्स स्त्री, जुन्या मेक्सिकन देवतांच्या परंपरेतली शामन. बॉय, न्यूयॉर्क पोलिसांतून बाहेर पडलेली कृष्णवर्णीय स्त्री. आणि डेन, जो आता जॅक फ्रॉस्ट होतो. समोरच्या बाजूला सध्या एकच नाव पुरे: सर माइल्स. प्रत्येक नावासमोर अर्धं पान कोरं ठेवा, कारण पहिल्यांदा लिहिलेलं वर्णन पुढे खोडावं लागणार आहे.

३. कटाचा माग सोडा, बंदुकीचा धरा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे.

कटकारस्थानांची गोष्ट म्हटली की आपण आपोआप गुप्तहेर होतो. कोण कोणाचा हस्तक, कुठली संस्था कोणाच्या ताब्यात, ते लाल वर्तुळ म्हणजे काय, २३ हा आकडा पुन्हा का आला. मालिका या खोडीला भरपूर खाद्य पुरवते आणि उत्तरं अर्धवट ठेवते. काही ठिकाणी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देते आणि दोन्ही खरी मानायला लावते. सगळे तुकडे जुळवून एक आराखडा काढायचाच असा हट्ट धरलात तर दुसऱ्या खंडात दम तुटेल.

त्यापेक्षा एवढंच बघत राहा: बंदूक कोणाच्या हातात आहे, ती कोणावर चालली, आणि चालवणाऱ्याला त्याबद्दल आता काय वाटतं. पहिल्या अंकात किंग मॉब रखवालदारांना टिपतो ते दृश्य अतिशय रुबाबदार काढलंय, आणि आपण त्याच्या बाजूने असतो. मॉरिसन यांना आपण तिथे असायलाच हवे होतो. पुढचे सगळे अंक त्या क्षणाशी हुज्जत घालत जातात. कधी उघडपणे, कधी आडून, आणि दुसऱ्या खंडात तर चक्क उलट दिशेला जाऊन.

वहीत यासाठी एक वेगळं पान करा. अंक क्रमांक, कोण मेलं, त्याला नाव होतं का. बस्स.

४. 'आर्केडिया': इथे बहुतेक जण सोडतात

अंक ५ ते ८. टोळी मनाच्या जोरावर काळात मागे जाते, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या दिवसांत, तिथून मार्की द साद या कुप्रसिद्ध फ्रेंच लेखकाला आणण्यासाठी. शरीरं मागे पवनचक्कीत पडून असतात आणि तिथे त्यांच्या मागावर ओरलँडो नावाचं एक भयंकर प्रकरण येतं. याला समांतर इटलीत शेली आणि बायरन आदर्श जग शक्य आहे का यावर बोलताहेत, आणि शेलीची लहानगी मुलगी मरते. सातव्या अंकात साद याच्या सगळ्यात कुप्रसिद्ध कादंबरीतला किल्ला येतो. तो अंक वाचायला खरंच जड आहे.

पहिल्या चार अंकांनी जी गती दिली ती इथे एकदम थांबते. मूळ अंक निघत होते तेव्हाही या कथानकाने वाचक गमावले आणि मालिका बंद पडायच्या बेतात आली. त्यावर मॉरिसन यांनी पत्रांच्या पानांतून वाचकांना एक विनंती केली: अंकात छापलेल्या एका चिन्हावर ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून लक्ष एकवटा, म्हणजे खप वाढेल. लक्ष एकवटण्याचा मार्ग हस्तमैथुनाचा होता. मालिका तगली हे खरं, श्रेय कशाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

'आर्केडिया'तून पार पडायचं असेल तर असं करा:

चारही अंक एकाच दिवशी वाचू नका, पण मध्ये आठवडाही जाऊ देऊ नका. दिवसाला दोन ठीक.

शेली आणि बायरनची पानं गाळायचा मोह होईल. त्याच पानांवर मालिकेचा खरा वाद चाललाय. जग बदलण्याची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाच्या घरात मूल मरतं, तेव्हा त्या स्वप्नांचं काय करायचं? किंग मॉबला हा प्रश्न पडायला अजून पुष्कळ अंक जायचे आहेत.

गाळायचंच असेल तर सातव्या अंकातली किल्ल्याची पानं भराभर उलटा. तिथे तपशिलापेक्षा रचना महत्त्वाची आहे. सत्तेपुढे सगळे एकसारखे कसे होतात, बंडखोरसुद्धा, हे दोन-तीन पानांतच पोचतं.

जिल थॉम्पसन यांची चित्रं यॉवेल यांच्यानंतर अनोळखी वाटतात. आठव्या अंकात ओरलँडोशी प्रत्यक्ष गाठ पडते तिथे ती पूर्ण अंगात येतात.

५. दहा, अकरा, बारा

नववा अंक धावपळीचा आहे, पटकन संपतो आणि टोळी फुटते. मग मालिका अचानक मुख्य पात्रांकडे पाठ फिरवते आणि तीन स्वतंत्र अंक येतात, तीन वेगळ्या चित्रकारांचे. दहावा जिम क्रो या व्हूडू जाणणाऱ्या बंडखोराचा, चित्रं क्रिस वेस्टन यांची. अकराव्यात राजघराण्याच्या वाड्यात लपवून ठेवलेलं काहीतरी आहे, चित्रं जॉन रिजवे यांची. त्याचा तिसऱ्या खंडाशी थेट संबंध आहे, म्हणून वहीत 'मूनचाइल्ड' हा शब्द टिपून ठेवा.

आणि बारावा. 'बेस्ट मॅन फॉल', चित्रं स्टीव्ह पार्कहाउस यांची.

यात एका माणसाचं आयुष्य आहे. लहानपण, एक खेळ ज्यात सगळ्यात झकास मरून दाखवणारा पोरगा जिंकतो, फॉकलंडचं युद्ध, लग्न, बायकोवर उचललेला हात, पैशाची तंगी, रखवालदाराची नोकरी. प्रसंग क्रमाने येत नाहीत, विस्कटलेले येतात. त्याचं नाव बॉबी मरे. तो तुम्हाला आधी भेटलेला आहे, तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. एवढंच सांगतो.

अंक वाचून झाल्यावर लगेच पहिल्या अंकातली सुधारगृहाची पानं परत काढा. वहीतलं बंदुकीचं पानही काढा. पहिल्या ओळीत 'नाव होतं का' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय ते पाहा.

मॉरिसन यांनी बॉबीला भला माणूस केलेलं नाही, हे मला या अंकात सगळ्यात मोठं वाटतं. तो बायकोला मारतो, आणि त्याबद्दल त्याला माफी मिळत नाही. तरीही तो मेला याचं काहीतरी होतं. गरीब बिचारा निरपराध नोकर उभा केला असता तर तोच अंक चार घटकांत विसरला गेला असता.

त्याच्या बायकोचं नाव ऑड्री. तेही लिहून ठेवा, खूप पुढे लागेल.

हा अंक तुम्हाला भिडला नाही तर इथे मालिका सोडायला हरकत नाही. पुढे यापेक्षा चांगलं बरंच आहे, पण ते याच जातीचं आहे.

६. पहिल्या खंडाचा उरलेला अर्धा भाग

१३ ते १५ हे अंक लॉर्ड फॅनीचे. ब्राझीलमधलं बालपण, आजीने मुलगी म्हणून वाढवणं, मृतांच्या लोकातली दीक्षा, आणि वर्तमानात एका बारमध्ये तिच्याशी गोड बोलणारा माणूस. हे सगळे काळ एकमेकांत गुंफलेले आहेत. चौकटींच्या रंगांकडे आणि कडांकडे लक्ष ठेवलं तर कोणता काळ चाललाय ते कळतं. १९९५च्या आसपासच्या मुख्य प्रवाहातल्या कॉमिकमध्ये ट्रान्स पात्राला एवढी जागा आणि एवढी ताकद मिळणं दुर्मीळ होतं. काही शब्द आणि विनोद आज खटकतात, खटकलेच पाहिजेत, पण फॅनीचा कुठेही विदूषक झालेला नाही.

१७ ते १९ मध्ये किंग मॉब सर माइल्सच्या तावडीत आहे. इथे 'की १७' नावाचं औषध येतं: ते टोचलं की लिहिलेला शब्द वाचताच ती वस्तूच समोर दिसते. छळाची ही सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणायला हवी, कागद आणि पेन एवढंच सामान. तीन अंकांचा सापळा असा की किंग मॉबच्या डोक्यात शिरणाऱ्यांना तिथे गिडियन स्टारग्रेव्ह नावाच्या छानछोकी गुप्तहेराच्या साहसकथा सापडतात. भडक रंग, सुंदर बायका, स्फोट. वाचक गोंधळतो की हा भूतकाळ आहे की काय. त्याचं उत्तर कॉमिकमध्येच आहे, थोडा धीर धरा. (स्टारग्रेव्ह हे मॉरिसन यांचंच १९७८मधलं जुनं पात्र. 'निअर मिथ्स' या मासिकात ते पहिल्यांदा आलं.) फिल हिमेनेझ यांची रेखीव, तपशिलांनी भरलेली चित्रं इथे पहिल्यांदा दिसतात, पुढे दुसऱ्या खंडाचा मोठा भाग त्यांचाच आहे.

२० वा अंक बॉयचा, २१ वा डेनचा. शेवटचे चार भराभर जातात.

७. दुसरा खंड: चकचकाटाला फसू नका

इथे सगळंच बदलतं. टोळी अमेरिकेत, मेसन लँग नावाच्या अब्जाधीशाच्या पैशावर. न्यू मेक्सिकोतला भूमिगत लष्करी तळ, परग्रहवासीयांच्या अफवा, मोठमोठ्या गोळीबारी, प्रत्येक पानावर कुणीतरी झकास कपड्यांत. मुखपृष्ठं ब्रायन बॉलंड यांची, डोळा खिळवून ठेवणारी. नेतृत्व किंग मॉबकडून रॉबिनकडे जातं, कारण टोळीतल्या भूमिका आलटून-पालटून घ्यायच्या असा यांचा नियम आहे.

दोन प्रकारचे वाचक इथे चुकतात. 'आर्केडिया'ला कंटाळलेला म्हणतो, आता कुठे खरी मजा सुरू झाली. बारावा अंक आवडलेला म्हणतो, खपासाठी सगळं विकून टाकलं. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, कारण खंडाची रचनाच तशी आहे. बंडखोर देखणे झालेत, बंडाला पैसा मिळालाय, हिंसा चित्रपटासारखी झालीय. आणि पहिल्या कथानकानंतर लगेच त्याची किंमत वसूल व्हायला लागते. हात थरथरायला लागतो, झोप उडते, सोबतचं माणूस निघून जातं. बंदुकीचं पान इथे भराभर भरेल. भरू द्या.

बाकी तांत्रिक गोष्टी: कालप्रवासाचं यंत्र, १९२४मधली एडिथ मॅनिंग, 'हँड ऑफ ग्लोरी' नावाची वस्तू आणि पांढरा मुखवटा घातलेला बुटका क्विम्पर. क्विम्परचा पहिला प्रवेश कुठे होतो तो अंक लिहून ठेवा. रॉबिनबद्दल जे कळतं ते कळल्यावर मागची पानं तपासायची घाई करू नका, त्यासाठी दुसरं वाचन आहे. चौदाव्या अंकापासून चित्रं क्रिस वेस्टन यांची आहेत आणि वातावरण काळवंडतं.

८. तिसरा खंड उलटा मोजा

१२ पासून १ पर्यंत. पहिल्यांदा पुस्तकात हे पाहून बांधणी चुकली असं वाटू शकतं. चुकलेली नाही. मूळ अंक सहस्रकाच्या अखेरीस उलटी मोजणी करत निघाले, १९९९च्या वसंतात १२ वा आणि २००० साली १ ला.

भाग तीन आहेत. १२ ते ९ फिलिप बाँड आणि वॉरन प्लीस, ८ ते ५ शॉन फिलिप्स. हे दोन्ही नीट वाचता येतात. मग ४ ते २ मध्ये दर काही पानांनी चित्रकार बदलतो, पहिल्या खंडातले कित्येक परत येतात. एकाच पात्राचा चेहरा पाच प्रकारे दिसतो. इथे ओळख चेहऱ्यावरून ठेवू नका, कपडे आणि बोलण्याच्या ढंगावरून ठेवा. फॅनी आणि डेन तर एका वाक्यात ओळखू येतात.

घटना ११ ऑगस्ट १९९९च्या खग्रास सूर्यग्रहणाकडे आणि वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या एका राज्याभिषेकाकडे सरकतात. ग्रहण खरं होतं, ब्रिटनच्या नैऋत्य टोकाला ते खग्रास दिसलं. किंग मॉबने एव्हाना बंदूक खाली ठेवलेली असते, आणि त्याची तगमग सगळ्यात जास्त जाणवते ती इथेच. हाताला दुसरं काहीच येत नाही अशा माणसाने लढायचं कसं? ऑड्रीचं नाव लिहून ठेवलं असेल तर आता वही उघडा.

शेवटचा अंक, म्हणजे क्रमांक १, फ्रँक क्वाइटली यांनी काढलाय. तो २०१२च्या डिसेंबरात घडतो. त्यात पुन्हा एक बंदूक आहे, तिच्यातून काय निघतं ते मी सांगणार नाही. एक विनंती मात्र आहे: तो अंक वाचण्याआधी पुस्तकाचं शेवटचं पान चुकूनही चाळू नका. मालिकेतलं शेवटचं वाक्य तिथे आहे, आणि त्याला तिथवर चालत जाऊनच भेटायला हवं.

९. संदर्भ: काय शोधायचं, काय सोडायचं

प्रत्येक पानावर संदर्भ आहेत आणि त्यांची टिपणं लिहिणारेही भरपूर आहेत. पहिल्या वाचनात ती उघडू नका. टिपणांत पुढची रहस्यं सर्रास फोडलेली असतात, हा एक धोका. दुसरा मोठा धोका असा की वाचण्याऐवजी आपण तपासायला लागतो.

एवढं माहीत असलं की पुरे:

- आर्कन. ज्ञानमार्गी ख्रिस्ती पंथांच्या पुराणात भौतिक जगाचे हे कारभारी आत्म्याला कैदेत ठेवतात. मालिकेतली शत्रूची बाजू यांच्यावर उभी आहे.
- सिगिल. आपली इच्छा वाक्यात लिहायची, अक्षरं गाळत-जोडत त्याचं चिन्ह करायचं आणि मग ते मनात रुजवून विसरायचं. ब्रिटिश चित्रकार ऑस्टिन उस्मान स्पेअर यांची ही पद्धत केऑस मॅजिक या आधुनिक जादूपंथाच्या लोकांनी उचलली. मॉरिसन यांच्या म्हणण्याप्रमाणे ही संपूर्ण मालिकाच एक लांबलचक सिगिल आहे.
- २०१२. अमेरिकी लेखक टेरेन्स मॅकेना यांच्या काळाच्या लाटांच्या सिद्धान्तातून ही तारीख आली. आपण आज ती ओलांडून आलोय, त्यामुळे शेवटचा अंक भाकीत म्हणून वाचायची सोय उरली नाही. मला वाटतं अंकाचा त्यात फायदाच झाला.
- १९९४चं ब्रिटन. थॅचरकाळाने पोळलेलं लिव्हरपूल, आणि रेव्ह पार्ट्यांवर, भटक्यांवर, निदर्शकांवर निर्बंध आणणारा त्याच वर्षीचा फौजदारी न्याय कायदा. डेनचा राग हवेतून आलेला नाही.

बाकी बारबेलिथ, ६४ अक्षरांची लिपी, टेम्प्लर, परग्रहवासी, हे जसं येईल तसं घ्या.

आणखी एक सापळा लेखकाच्या आयुष्याचा. किंग मॉब आणि मॉरिसन यांच्यातलं साम्य मुद्दाम राखलेलं आहे, टकलापासून कपड्यांपर्यंत. काठमांडूतला विलक्षण अनुभव, किंग मॉबचा छळ लिहिल्यानंतर स्वतःला गंभीर आजारपणात रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, हे सगळं मॉरिसन यांनी मुलाखतींत पुन्हापुन्हा सांगितलंय. ऐकायला ते इतकं चटकदार आहे की कॉमिक त्याची तळटीप वाटू लागतं. मुलाखती ५९ अंक झाल्यावर ऐका.

'द मेट्रिक्स'शी तुलनाही तेव्हाच करा. तो चित्रपट १९९९चा. आपल्या मालिकेतून बरंच उचललं गेलं असं मॉरिसन जाहीरपणे म्हणत आले आहेत. पण चित्रपट डोक्यात ठेवून कॉमिक वाचलं तर आपण निवडलेल्या तारणहाराची वाट बघत बसतो, आणि डेनला ते काम करण्यात काडीचा रस नाही.

१०. दुसरं वाचन

लगेच करू नका. काही महिने जाऊ द्या, वही मात्र टाकू नका.

दुसऱ्यांदा वाचताना सुरुवातीपासून सलग जायची गरज नसते. एक पात्र धरा आणि फक्त त्याचे अंक वाचा. रॉबिन सगळ्यात फायद्याची, कारण तिच्या पहिल्या खंडातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ बदललेला असतो. त्यानंतर सर माइल्स. त्याच्यावर वहीत पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते खोडलं नसेल तर आता खोडाल. क्विम्परचा माग पुढून मागे काढा, शेवटच्या अंकापासून पहिल्या प्रवेशाकडे.

लाल वर्तुळं मोजायची असतील तर याच फेरीत मोजा. ती जाहिरातींत, भिंतींवर, कपड्यांवर, मागच्या गर्दीतसुद्धा आहेत, आणि काही तर अशा अंकांत आहेत जिथे कथेला त्यांची गरजच नाही. अर्धी तुम्हाला पहिल्यांदा दिसलेलीच नसतात. डोळे ताजे असताना एका बैठकीत चार-पाच अंकांपेक्षा जास्त करू नका, नाहीतर ती कॉमिकबाहेरही दिसायला लागतात.